धाडसाबरोबर अडचण बोलायलाही शिकवा

प्रति,
मा. कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

माननीय मंत्रिमहोदय,


सांगलीजवळच्या कुपवाड आणि मिरज औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रं आणि बँकेची कागदपत्रं सांभाळणं हे माझं काम आहे. माझे बरेच अशील आपल्याच विभागाच्या आयटीआयमधून शिकून बाहेर पडलेले आहेत. कुणी टर्नर होता, कुणी मोल्डर, कुणी वेल्डर. काही वर्षं दुसऱ्याच्या शॉपवर काढली, जुनं लेथ घेतलं, भाड्याच्या शेडमध्ये जॉबवर्क सुरू केलं आणि बघता बघता चार घरं आपल्या कामावर चालवणारे मालक झाले. या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे. हे पत्र त्यांच्यासाठी आणि त्यांच्यामागून येणाऱ्या मुलांसाठी लिहितो आहे.

उद्योजकता प्रशिक्षणाच्या वर्गांत हिशेबाचा तास घ्यायला मला अधूनमधून बोलावतात. प्रकल्प अहवाल कसा करावा, अनुदानासाठी अर्ज कुठे करावा, मशिनचं कोटेशन कसं मागवावं, हे तिथे नीट शिकवलं जातं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेवटी शेवटी एक तास ‘यशस्वी उद्योजकाचे गुण’ या विषयाचा असतो. जिद्द, धाडस, आत्मविश्वास, मेहनत अशी यादी फळ्यावर येते आणि मुलं ती वहीत उतरवून घेतात. पण धाडस आणि मेहनत या मुलांकडे आधीपासूनच असते. ती नसती तर महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी सोडायचा विचार करत ती त्या वर्गात येऊन बसलीच नसती. ज्या गुणावाचून माझ्या डोळ्यांदेखत चांगले चालते कारखाने बंद पडले, तो गुण मात्र त्या यादीत कधी दिसत नाही. वाईट बातमी लवकर ऐकून घेणं आणि लवकर सांगून टाकणं, हा तो गुण. धंद्याच्या चढउतारात माणसाला तारून नेणाऱ्या सगळ्या गुणांत मी त्याला पहिलं स्थान देईन.

लहान कारखाना अडचणीत कसा येतो ते आपल्याला थोडं तपशिलात सांगतो, कारण वर्तमानपत्रांत फक्त शेवट छापून येतो. मोठ्या कंपनीला माल दिला, बिल केलं. पैसे येणार 90 दिवसांनी, कधी 120. त्या बिलावरचा जीएसटी मात्र पैसे हातात आलेले असोत वा नसोत, पुढच्या महिन्यात भरावा लागतो. पगार थांबत नाहीत, वीजबिल थांबत नाही, भंगार आणि पिग आयर्न देणारा व्यापारी रोज फोन करतो. अशात एखादा लॉट रिजेक्ट होऊन परत येतो आणि बँकेतली कॅश क्रेडिटची (सीसीची) मर्यादा संपते. इथवर मालकाचा दोष फारसा नसतो. असं कुणाच्याही बाबतीत होतं, अगदी जुन्या, मुरलेल्या कारखानदाराच्याही.

पुढे काय करायचं, हे मात्र त्याच्या हातात असतं. बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि त्यावर पैसे किती उचलता येतील ते ठरतं. शेडमध्ये आठ लाखांचा माल असेल आणि कागदावर बारा लिहिले, तर चार दिवस निभावून जातं. पुढच्या महिन्यात ते बारा तसेच दाखवावे लागतात. मग पतसंस्थेचं कर्ज, मग घरातले दागिने, मग मित्राकडून हातउसने, आणि शेवटी महिन्याच्या टक्क्याने पैसे देणारा सावकार. या काळात माणूस बाहेर पहिल्यासारखाच वागतो, लग्नकार्यात आहेराचं पाकीटही पहिल्याइतकंच देतो. घरी ठाऊक नसतं, भागीदाराला अर्धंच ठाऊक असतं, मला तर वर्ष संपल्यावर कळतं. मी कागद पाहतो तेव्हा मूळ अडचणीपेक्षा ती झाकण्याचा खर्च मोठा झालेला असतो. सहा महिने आधी हाच माणूस बोलला असता तर एक मशिन विकून, एक ऑर्डर नाकारून, दोन हप्ते पुढे ढकलून कारखाना वाचला असता, असं मला कितीतरी फायली मिटताना वाटलं आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट या वर्गांत हमखास सांगितली जाते. किर्लोस्करवाडी आमच्या जिल्ह्यातच, पलूस तालुक्यात. ती गोष्ट लोखंडी नांगराच्या विजयाची म्हणून सांगतात. मला ती नकार ऐकून घेणाऱ्या माणसाची गोष्ट म्हणून शिकवावीशी वाटते, कारण तिच्यातला शिकण्याजोगा भाग तिथे आहे.

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला 1869 साली जन्मलेला हा मुलगा चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. पहिला नकार मिळाला तो स्वतःच्या डोळ्यांकडून: काही रंग त्यांना नीट ओळखू येत नसत. चित्रकाराच्या आयुष्यात याहून कठोर बातमी नाही. त्यांनी ती मान्य केली, रंग बाजूला ठेवले आणि ज्या रेखाटनात रंग लागत नाहीत ते यंत्रांचं रेखाटन हाती घेतलं. त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. तिथे हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा ती नोकरी सोडून ते बेळगावला परतले. थोरले बंधू रामुअण्णा तिथे सायकलींचं दुकान सांभाळत होते. सायकलींनंतर कडबा कापण्याचं यंत्र आलं आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर.

मंत्रिमहोदय, यानंतरच्या दोन वर्षांकडे मला आपलं लक्ष वेधायचं आहे. नांगर तयार होते आणि ते विकले जात नव्हते. लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष भिनेल आणि तिचा कस जाईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. वर्गात हा प्रसंग सांगताना शेतकऱ्यांना अडाणी ठरवून पुढे जातात. मला ते पटत नाही. ज्याच्या हातात वर्षाला एकच हंगाम आहे आणि ज्याची जमीन हीच त्याची सगळी ठेव आहे, त्याने नव्या अवजाराबद्दल शंका घेणं हा शहाणपणाच आहे. लाकडी नांगर माती उकरतो, उलथून टाकत नाही. हरळी आणि कुंद्याच्या मुळ्या काळ्या रानात खोल जातात, आणि त्या वर काढायच्या तर माती पालथी करणारा लोखंडी नांगर हवा. पण तो ओढायला जास्त बैल लागतात. म्हणजे नांगराच्या किमतीखेरीज शेतकऱ्याला आणखी खर्च होता आणि आणखी धोकाही. अशा माणसाचं मन जाहिरातीने वळत नाही. त्याच्या बांधावर जाऊन, त्याचं बोलणं ऐकून, एखादं रान नांगरून, पीक येईपर्यंत थांबावं लागतं. गिऱ्हाईक मूर्ख आहे असं ज्याने ठरवलं, त्याला ते का घेत नाही हे कधीच कळत नाही. माझ्या पाहण्यातले कितीतरी हुशार कारागीर इथेच अडकले. माल उत्तम होता, गिऱ्हाइकाचा नकार ऐकायची तयारी नव्हती.

नांगराचा जम बसतो न बसतो तोच बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली आणि तिथून हलावं लागलं. आता जायचं कुठे? औंधला यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांनी केलं होतं, त्यामुळे औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांची ओळख होती. कारखान्याची अडचण त्यांच्या कानांपर्यंत पोचली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जागा माळाची, निवडुंगाची आणि सापांची. तिथे 1910 साली कामगार आणि त्यांच्या बायकामुलांसह वसाहत उभी राहू लागली. वस्तीची व्यवस्था रामुअण्णांनी पाहिली. एका माणसाच्या धाडसाची म्हणून जी गोष्ट आपण सांगतो तिच्यात थोरला भाऊ आहे, संस्थानिक आहे आणि माळावर चूल मांडायला तयार झालेली कामगारांची कुटुंबं आहेत. ज्याने आपली गरज आपल्याजवळच ठेवली त्याला अशी माणसं भेटत नाहीत.

पुढचे धक्के थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. 1920 मध्ये कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालं, म्हणजे गिऱ्हाइकाशी दर महिन्याला बोलायचा रस्ता तयार झाला. हेच पुढे महाराष्ट्रातलं नावाजलेलं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. 1930 नंतरच्या मंदीत शेतकऱ्याच्या हातात पैसा उरला नाही आणि नांगर खपेनासे झाले, तेव्हा त्याच कारखान्याने लोखंडी फर्निचर केलं. नांगरासाठी जन्म घालवलेल्या माणसाने खाटा आणि खुर्च्या करायला कमीपणा मानला नाही. 1948 च्या सुरुवातीला गांधीजींच्या हत्येनंतरच्या दंगलीत किर्लोस्करवाडी जाळली गेली. लक्ष्मणराव तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि आजही तिथे पंप तयार होतात.

माझ्या अशिलांपैकी पुष्कळांना ‘चिकाटी’ म्हणजे एकच वस्तू, एकच गिऱ्हाईक आणि एकच मशिन धरून बसणं वाटतं. एका कंपनीचा एकच पार्ट करणारे कितीतरी शॉप आहेत. त्या कंपनीने मॉडेल बदललं की त्यांचं काम संपतं, तरी मालक दोन वर्षं वाट पाहत बसतो. किर्लोस्करांनी आपलं कसब धरून ठेवलं आणि वस्तू गरजेप्रमाणे सोडून दिल्या. चित्रं सोडली, सायकली सोडल्या, बेळगाव सोडलं. काय सोडायचं हे वेळेवर कळायला आधी वाईट बातमी कानात शिरू द्यावी लागते.

एवढी मोठी गोष्ट नको असेल तर मुंबईच्या गिरगावातली सांगतो. 15 मार्च 1959 रोजी सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं. ओले पापड विकून वेळ मारून नेता आली नसती का? आली असती, आणि धंदा तिथेच संपला असता. त्या थांबल्या. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह. प्रशिक्षणाच्या वर्गात मी हे सांगतो तेव्हा मुली लगेच वर बघतात. कारण ही युक्ती त्यांच्या आवाक्यातली असते. बंद ठेवलेले ते चार महिने मला स्टोव्हइतकेच मोलाचे वाटतात.

आता मी आपल्याकडे वळतो. नुसता स्वभाव बदलून भागत नाही, कायदा आणि व्यवस्थाही लागते. आनंदाची गोष्ट अशी की त्यातलं बरंच काही अस्तित्वात आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी त्यापुढे जाता येत नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरातही खरेदीदारावर दाब आला: वेळेत न देता वर्षअखेरीला थकलेली रक्कम त्याला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल ही भीती खरी आहे, आणि ती बाळगणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. पण तक्रारीच्या अलीकडे खूप काही करता येतं. बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक आणि मुदतीची ओळ छापणं, तिसाव्या दिवशी आठवणीचं पत्र पाठवणं, पंचेचाळिसाव्या दिवशी खरेदी विभागाऐवजी अकाउंट्सच्या माणसाशी बोलणं. एवढं नियमाने करणाऱ्यांचे पैसे इतरांपेक्षा लवकर येताना मी पाहिले आहेत.

बँकेचंही तसंच. हप्ता किंवा व्याज 90 दिवस थकलं की खातं अनुत्पादक ठरतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधीची सोय मात्र फार थोड्यांना माहीत असते. रिझर्व्ह बँकेने मार्च 2016 मध्ये आजारी पडू लागलेल्या लहान उद्योगांसाठी एक चौकट घालून दिली आहे. 25 कोटींपर्यंतच्या कर्जखात्यांना ती लागू आहे. आपल्याला देणी भागवता येणार नाहीत अशी रास्त शंका येताच उद्योजक स्वतः बँकेकडे अर्ज करू शकतो. मग बँकेच्या समितीने त्याचं प्रकरण पाहून दुरुस्ती, कर्जाची पुनर्रचना किंवा वसुली यांपैकी मार्ग ठरवायचा. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचं सांगितलं, आणि त्याबरोबर हेही सांगितलं की उद्योजकानेही सावध राहून वेळेत पुढे यायला हवं. जप्तीची कारवाई शेवटाला आल्यावर ही सोय आठवून उपयोग नाही. म्हणजे मी ज्याला गुण म्हणतो आहे, त्याची किंमत आता न्यायालयाच्या निकालातही लिहिलेली आहे.

बोलणं सोपं नसतं, हे मी जाणतो. आपल्याकडे धंद्यात खोट आली की ती घराच्या अब्रूवर येते. मुलीचं स्थळ मोडेल, भावकी हसेल, सासुरवाडीत मान खाली घालावी लागेल. नोकरी सोडताना ‘कशाला नसती उठाठेव’ म्हणणारे वडील आता काय म्हणतील, याची धास्ती तर चाळिशी उलटलेल्या माणसालाही असते. म्हणून तो गप्प बसतो. काही जण इतके गप्प बसतात की शेवटी जिवावर बेततं. अशा घरांत कागदपत्रांसाठी जाऊन बसायची वेळ माझ्यावर आली आहे. त्या घरांत बायको एकच प्रश्न विचारते, ‘मला सांगितलं का नाही?’ या प्रश्नापुढे कुठलाही ताळेबंद वाचून दाखवता येत नाही.

उलटही पाहिलं आहे. एका लहान फाउंड्रीच्या मालकाने उधारी बुडाल्यावर ज्यांचं देणं होतं त्या सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं आणि वही उघडून समोर ठेवली. कुणाचे किती, येणं किती, भट्टी चालू राहिली तर कुणाला केव्हा देता येईल, सगळं. दोघे चिडून उठून गेले. बाकीच्यांनी मुदत दिली, एकाने तर रोखीने का होईना पण कच्चा माल चालू ठेवला. कामगारांना त्याने पगार दोन भागांत घ्याल का, असं विचारलं. हुकूम सोडला नाही. सगळे राहिले असं नाही, पण जे कसबी होते ते राहिले. कारखाना आज पूर्वीपेक्षा लहान आहे आणि नीट चालतो. त्या माणसाकडे विशेष धाडस होतं असं मला वाटत नाही. बोलणी खायची तयारी होती, आणि आपल्या आकड्यांची त्याला स्वतःला माहिती होती. दुसरी गोष्ट नसेल तर पहिलीचा उपयोग नाही. स्वतःचा हिशेब स्वतः दर आठवड्याला पाहणं हीसुद्धा वाईट बातमी ऐकायचीच सवय आहे. वर्षअखेरीला माझ्याकडून नफा ऐकणाऱ्या मालकाला उशिरा कळतं, आणि उशिरा कळलेलं दुरुस्त करता येत नाही.

म्हणून आपल्याला विनंती आहे. आयटीआयमध्ये रोजगारक्षम कौशल्यांचा विषय आहे आणि त्यात उद्योजकतेचा भाग आहे. त्या भागात बंद पडलेल्या आणि बंद पडता पडता वाचलेल्या कारखान्यांच्या मालकांना बोलवा. यशस्वी माणसांचे सत्कार पुष्कळ होतात. मुलांना थकलेल्या बिलासाठी फोन करायला लावा, बँकेच्या व्यवस्थापकाला अडचण सांगणारं पत्र मराठीत लिहायला लावा, ते तपासून गुण द्या. रिझर्व्ह बँकेच्या त्या चौकटीतल्या अर्जाचा सोप्या मराठीतला नमुना प्रत्येक जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात ठेवा. आणि तिथे एक जाणता माणूस बसवा, ज्याच्याकडे कारखानदाराला आपलं नाव फुटेल या भीतीशिवाय जाता येईल. यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही.

पहिला वर्ग मिरज किंवा सांगलीच्या आयटीआयमध्ये घ्यायचा ठरलं, तर बोलायला तयार असलेले कारखानदार घेऊन येण्याची जबाबदारी माझी. आपण तारीख कळवावी.

आपला नम्र,
कुपवाड औद्योगिक वसाहतीतला एक करसल्लागार